चाळीस माणसांचं बेट

भाचा ब्रिस्बेनला असतो. "मामा, या वेळी येणार असाल तर नुसतं ऑपेरा हाउसपुढे फोटो काढून परत जाऊ नका, आपण चार दिवस हिंचिनब्रुकला जाऊ," असं फर्मान त्याने गेल्या वर्षी काढलं. सह्याद्रीत पस्तीस वर्षं बूट झिजवलेल्या माणसाला अशा आमंत्रणाला नाही म्हणवत नाही. एका रविवारी दादरच्या घरात जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी बाजूला सारून लॅपटॉप मांडला, भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि तारखा बघायला बसलो. जुलै भरलेला. ऑगस्ट भरलेला. सप्टेंबरात जागा दिसत होती, पण एकच, आणि आम्ही तिघं. "एवढी गर्दी असते का रे तिथे?" हिने विचारलं. तो हसला. "मामी, उलट. त्या वाटेवर एका वेळी चाळीसच माणसं सोडतात."

"चाळीस?" ही म्हणाली. "आमच्या बिल्डिंगची अलिबागची सहल पंचावन्नाची असते."

हिंचिनब्रुक हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्याला, कार्डवेल गावासमोर, अरुंद खाडीपलीकडे उभं असलेलं डोंगराळ बेट. क्षेत्रफळ साधारण ३९९ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महापालिकेच्या हद्दीहून जरासंच कमी. माउंट बोवेन हे त्याचं सर्वांत उंच शिखर १,१२१ मीटर, लोहगडाहून उंच आणि थेट समुद्रातून उठलेलं. एका अंगाला खारफुटी आणि मगरी, दुसऱ्या अंगाला वाळूचे लहान लहान उपसागर, कडेकडेने प्रवाळ. पूर्व किनाऱ्याने ३२ किलोमीटरची पायवाट जाते, तिचं नाव थॉर्सबोर्न ट्रेल. बहुतेक लोक ती चार दिवसांत चालतात. वाटेत ना दुकान, ना चहाची टपरी, ना लिंबू सरबतवाल्या मावशी. लाकडं पेटवायला बंदी, स्टोव्ह आपला आपण न्यायचा. मुक्कामाच्या ठिकाणी धातूच्या पेट्या ठेवलेल्या असतात. शिधा त्यात बंद करायचा, नाहीतर तिथले उंदीर तंबू आणि सॅक कुरतडून आत शिरतात. कचरा पाठीवरून परत आणायचा.

ज्यांच्या नावाची ही वाट आहे ते आर्थर थॉर्सबोर्न आणि त्यांची पत्नी मार्गारेट, या दोघांनी जवळच्या ब्रूक बेटांवर घरटी करणाऱ्या कबुतरांची वर्षानुवर्षं मोजदाद केली. तेव्हा लोक ती कबुतरं बंदुकीने टिपत. (दादरच्या माणसाने कबुतरांबद्दल लिहिताना जपून लिहावं हे मला कळतं. २०२५ च्या पावसाळ्यात आमच्या कबुतरखान्यावरून जे रण पेटलं ते खिडकीतून पाहिलं आहे. पण ती कबुतरं वेगळी. जंगलातली फळं खाणारी, पांढरीशुभ्र.)

तर, चाळीस. साधारण तेवढ्याच क्षेत्रफळात मुंबईत २०११ च्या जनगणनेला आपण एक कोटी चोवीस लाख होतो, आणि आपलंही मूळ बेटांचंच.

माझी पहिली प्रतिक्रिया चडफडीची होती, हे कबूल करतो. एवढा खर्च करून, एवढा लांब येणार, आणि सरकारी कॅलेंडरवरचा एक राखाडी चौकोन मला सांगणार की नाही? पण लॅपटॉप मिटल्यावर, बरणी जागेवर ठेवताना, मला माझा डावा पाय आठवला.

२०१२ चा डिसेंबर. अंदमान. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहून डोळे पुसून झाले होते, मराठी माणसाची अंदमानची सहल तिथूनच सुरू होते. मग हॅवलॉक, ते स्वराज द्वीप व्हायला अजून सहा वर्षं होती. तिथे एलिफंट बीच म्हणून किनारा आहे. बोटीने जाता येतं, आणि जंगलातून पायवाटेनेही. मी अर्थातच पायवाट धरली. चिखल, मुळं, उंच झाडांखालची ओली सावली, आणि शेवटी एकदम उजेड. वाळूवर मोठाले वाळके वृक्ष आडवे पडले होते, २००४ च्या सुनामीत गेलेले असं वाटाड्या म्हणाला. आणि त्या वृक्षांच्या मध्ये नारिंगी लाइफ जॅकेट घातलेली दोनेकशे माणसं. बोटीमागून बोट येत होती. अर्ध्या तासाची जंगलातली शांतता एका क्षणात चौपाटी झाली.

मीही जॅकेट चढवलं, तोंडात नळी धरली आणि पाण्यात उतरलो. मास्कच्या काचेवर वाफ धरली. समोरचं दिसेना, नाकात पाणी गेलं, घाबरलो आणि पाय खाली सोडला. पायाखाली कुरमुरे यावेत तसं काहीतरी चुरडलं. पाण्याखाली तो आवाज ऐकू आला की पायाला जाणवला, आता सांगता येणार नाही. गाइडच्या पोराने दंड धरून मला ओढलं, काही बोलला नाही. त्याने त्या दिवसात तो आवाज किती वेळा सोसला असेल? टाचेची जखम महिनाभर चिघळली. तेवढी शिक्षा मला रास्त वाटते.

आपण प्रवाळाला पोवळं म्हणतो, अंगठीत घालतो, मंगळाची शांत करतो, त्यामुळे तो आपल्या डोक्यात खडा म्हणून बसला आहे. वास्तविक ती प्राण्यांची वसाहत. पॉलिप नावाचे इवले जीव चुन्याचं घर बांधतात, त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळं राहतात, शेवाळं उन्हातून अन्न करतात आणि भाडं म्हणून घरमालकाला देतात. पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्याहून एखाद अंशाने जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर पॉलिप त्या भाडेकरूला बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि उपाशी राहतो. लवकर गारवा आला तर सावरतो, नाही आला तर मरतो. ढिगासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतो. माझ्या पायाखाली आला तो फांद्यांचा होता, तो जरा भराभर वाढतो. मनाची समजूत घालायला तेवढं पुरतं.

इथे हुशार वाचक मला अडवणार. समुद्र तापतो आहे त्याला मामाचा डावा पाय जबाबदार आहे काय? प्रश्न बरोबर आहे. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या प्रवाळ-विरंजनाची, म्हणजे प्रवाळ असा पांढरा पडण्याची, घोषणा केली. अंदमान, लक्षद्वीप, ऑस्ट्रेलिया कुणी सुटलं नाही. ज्या ग्रेट बॅरिअर रीफच्या कुशीत हिंचिनब्रुक आहे, तिथे चाळीसच्या जागी चार माणसं सोडली तरी पाणी थंड होणार नाही. शिवाय मुंबईहून ब्रिस्बेनला उडणारा मी त्या तापात आपला वाटा टाकूनच पोचणार. हे सगळं मान्य. पण घरात कुणाला ताप चढला असेल तर आपण निदान त्याच्या खाटेभोवती पत्ते कुटत बसत नाही. तापलेल्या वर्षात तग धरून राहिलेल्या प्रवाळावर पाय, नांगर, सांडपाणी आणि गाळ असं चहूबाजूंनी आणखी पडू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे. मर्यादेने प्रवाळ वाचेलच अशी हमी कुणी देऊ नये. सावरायला उसंत मिळेल, बस.

मर्यादा असावी की नाही हा वाद मला तितकासा अवघड वाटत नाही. अवघड प्रश्न पुढचा आहे: चाळीस तर चाळीस, पण कोणते चाळीस?

आपल्या प्रशासनाच्या नळाला दोनच आटे आहेत, पूर्ण उघडा आणि पूर्ण बंद. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या वर एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्याआधी प्रत्येक शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती, कुणी मोजत नव्हतं. त्यानंतर धबधब्यांवर मनाईहुकूम. दर पावसाळ्यात हेच: आधी जत्रा, मग अपघात, मग जमावबंदी, मग विसर. थायलंडनेही असंच केलं. माया बे नावाचा तिथला एक सुंदर उपसागर वर्षानुवर्षं सताड उघडा ठेवला, प्रवाळाचा चुरा झाल्यावर जून २०१८ मध्ये बंद केला तो जानेवारी २०२२ मध्ये उघडला. उघडताना मात्र शहाणपण आलं होतं: होड्या उपसागरात शिरायच्या नाहीत, मागच्या बाजूला लागायचं, माणसं मोजून सोडायची. बंद काळात लहान शार्क परत आले, हे जगभर छापून आलं.

आपल्याकडे मोजून सोडण्याचं उदाहरण नाही असं नाही. कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, ऑनलाइन नोंदणी ठेवली. पहिल्यांदा लोकांनी आरडाओरडा केला, आता सवयीने बुकिंग करतात. अंदमानात वांडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडतात, म्हणजे एकाला विसावा मिळतो. परवाना लागतो, आणि पिशवीत प्लास्टिक आहे का हे बोटीत चढण्याआधी तपासतात. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. एका काकूंच्या पर्समधून चकलीची पिशवी निघाली, आणि चकल्या साऱ्या बोटीत वाटून संपवण्यात आल्या.

म्हणजे मोजता येतं. मग कोण बसणार हे ठरवायचे रस्ते किती? एक म्हणजे जो आधी येईल तो. हिंचिनब्रुकला तसंच आहे. तंबू टाकण्याचं शुल्क माणशी रात्रीला सात-आठ डॉलर, तिथल्या दोन कॉफ्यांपेक्षा कमी. बोटीचे पैसे वेगळे आणि ते चांगलेच आहेत, पण सरकारने स्वतःच्या दारावर गरीब-श्रीमंत असा फरक ठेवलेला नाही. ज्याने आठ-नऊ महिने आधी विचार केला त्याला जागा.

दुसरा रस्ता पैशाचा. त्याच देशात लॉर्ड हाव नावाचं आणखी एक बेट आहे, सिडनीहून विमानाने दोन तासांवर, उष्ण कटिबंधाच्या बरंच बाहेर. जगातल्या सर्वांत दक्षिणेकडच्या प्रवाळखडकांपैकी एक तिथे आहे, आणि ८७५ मीटरचा माउंट गोवर आहे, ज्यावर वाटाड्याशिवाय जाता येत नाही. तिथे एका वेळी चारशे पाहुणे, त्याहून जास्त नाही. ही मर्यादा फार शहाणी आहे आणि बेट त्यामुळेच टिकलं आहे. पण ती मर्यादा खाटांच्या रूपात आहे, खाटा हॉटेलवाल्यांच्या हातात आहेत, आणि चारशे खाटांना हजारो गिऱ्हाइकं असली की दराचं काय होतं हे मुंबईत घर भाड्याने घेतलेल्या कुणालाही सांगायला नको.

आपल्याकडे आता हा दुसरा रस्ता धोरण म्हणून येऊ घातला आहे, आणि माझा विरोध त्याला आहे. "माणसं कमी, पैसा जास्त" हे सूत्र बेटांच्या विकासाच्या चर्चेत सारखं ऐकू येतं. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले आणि आठवडाभर आमच्या लोकलच्या डब्यात जो तो फोनवर लक्षद्वीप शोधत होता. तिथली सगळी ३६ बेटं मिळून ३२ चौरस किलोमीटर. पिण्याचं गोडं पाणी म्हणजे वाळूखाली, खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाच्या पाण्याचा पातळ थर. जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं. अशा ठिकाणी शंभर माणसांऐवजी दहाच माणसं नेली पण प्रत्येकाला पाण्यावर बांधलेली खोली, वातानुकूलन, दिवसातून दोनदा धुतलेले टॉवेल आणि पोहायला तलाव (समुद्र दहा फुटांवर असताना!) दिला, तर बेटावरचं ओझं खरंच कमी झालं का? डोकी मोजणं सोपं, बादल्या मोजणं अवघड, म्हणून आपण डोकी मोजतो. तंबूत राहून दोन लिटर पाण्यात दिवस काढणारा कॉलेजातला पोरगा आणि पाण्यावरच्या बंगल्यातला पाहुणा हे दोघेही कागदावर एकेकच.

आणि दुसरी गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही. प्रवाळ ही कुणाची मालमत्ता नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पहिल्या परिशिष्टात, वाघाच्या पंगतीत बसवलं आहे, म्हणजे तो तुमचा-माझा, सगळ्यांचा म्हणून राखला आहे. जे सगळ्यांचं म्हणून राखलं ते बघायचा हक्क पाकिटाच्या जाडीवर वाटला, तर बाकीच्यांनी ते राखायचं कशासाठी? गणपतीत बारा-बारा तास रांगेत उभा राहिलेला माणूस देवावर चिडत नाही. बाजूच्या दोरीतून पास दाखवून जाणाऱ्यावर चिडतो.

मला विचाराल तर तिसरा रस्ता बरा, आणि तो मुंबईकराला शिकवावा लागत नाही. सोडत काढा. म्हाडाच्या सोडतीने या शहराच्या तीन पिढ्यांना शिकवलं आहे की वस्तू थोडी आणि मागणारे लाखो असले तर काय करायचं. अर्ज भरायचा, अनामत ठेवायची, उत्पन्नाचा गट लिहायचा, यादीकडे डोळे लावून बसायचं. नाव लागलं तर पेढे, नाही लागलं तर अनामत परत आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज. शेजाऱ्याचं लागलं तर त्याचे पेढे खाताना घास थोडा जड जातो, पण त्याने तुमची जागा विकत घेतली असं वाटत नाही. प्रवासातही हे नवं नाही. कैलास-मानसरोवरला कोण जाणार हे परराष्ट्र मंत्रालय संगणकावर सोडत काढून ठरवतं. २०२५ मध्ये यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा ७५० जणांची निवड अशीच झाली. महादेवाच्या दारात सोडत चालते तर प्रवाळाच्या दारात का नको?

तपशिलात भानगडी आहेत. दलाल लगेच उगवतील, तात्काळ तिकिटांना उगवले तसे. म्हणून परवान्यावर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक, आणि परवाना दुसऱ्याला देता येणार नाही. ज्याला जायचं नाही त्याने परत करायचा, तो प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला. काही जागा शाळांच्या सहलींसाठी राखीव, काही त्याच जिल्ह्यातल्या लोकांसाठी. एकदा जाऊन आलेल्याचं नाव पाच वर्षं मागे. (हा नियम माझ्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये मांडला तेव्हा सगळ्यात जास्त ओरडा माझ्याच मित्रांनी केला. एकाच गडावर चाळीस वेळा जाणारी जमात आमची.) आणि सोडतीने विमानाचं तिकीट मिळत नाही, हेही खरं. म्हाडाचं घर लागूनही किंमत झेपत नाही म्हणून परत करणारे असतातच. अंदमानपुरता हा आक्षेप मला नीट खोडता येत नाही.

पण मालवणला विमान लागत नाही. कुडाळपर्यंत रेल्वे, पुढे एसटी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली प्रवाळ आहे, आणि तो बघायला माणसं किती सोडायची याचा हिशेब मला तिथे दिसला नाही. मागच्या मे महिन्यात तिथे गेलो होतो. गुडघाभर ते छातीभर पाणी, त्यात एकाच वेळी आठ-दहा होड्या. एक गाइड पाण्यात पाव कुस्करत होता, म्हणजे मासे जमतात आणि फोटो छान येतो. दुसरा, वयाने मोठा, सारखा ओरडत होता: "ओ, खडकार पाय ठेवू नकात!" पुण्याची एक मुलगी खडकावरच उभी राहून विचारत होती, "कुठे आहे प्रवाळ?" मला हसू आलं नाही. मी कोण हसणारा?

किनाऱ्यावर आल्यावर त्या ओरडणाऱ्या गाइडशी बोलत बसलो. माणसं कमी करायला पाहिजेत का, असं विचारलं तर तो उलट मलाच म्हणाला, "कमी करतल्यात तर माका कोण पोसतलो?" हा प्रश्न बाजूला सारून पुढे जाणारा लेख मी मुंबईत बसून बरेच वेळा वाचला आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं, आणि तिथल्या मच्छीमारांनी त्याला तेव्हापासून विरोध केला. शहरातल्या निसर्गप्रेमींना तो विरोध अडाणी वाटतो. मला वाटत नाही. ज्याच्या बापजाद्यांनी त्या पाण्यात रापण ओढली त्याला कागद दाखवून सांगायचं की जाळं टाकू नको, आणि त्याच पाण्यात पर्यटकांच्या होड्या मात्र कितीही. वर खोल समुद्रात पर्ससीनवाले, म्हणजे प्रचंड जाळ्यांच्या यांत्रिक बोटीवाले, मासळी गोळा करून नेणार. मर्यादा फक्त एकालाच असेल तर तिला मर्यादा म्हणत नाहीत, तो अन्याय असतो.

म्हणून संख्या बांधायची तर आधी होड्यांची पाळी बांधावी लागेल, रिक्षा स्टँडवर नंबर लागतो तशी. आज दहा होड्या एकदम सुटतात आणि एकमेकींचे दर पाडतात. मोजक्याच होड्या पाळीने सुटल्या, प्रत्येकीला ठरलेला दर मिळाला आणि गाइडकडे पाव कुस्करायला नव्हे तर गोष्ट सांगायला वेळ राहिला, तर त्याच्या घरात पैसे कमी येतीलच असं नाही. परवान्याचं शुल्क तिजोरीत न जाता तिथल्याच सोसायटीकडे गेलं पाहिजे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथून मुलं शिकून बाहेर पडतात. म्हणजे माणसं तयार आहेत. परवाना आणि पाळीचा खटाटोप करायला कुणी बसत नाही, एवढंच.

या लेखाचा सगळ्यात कच्चा भाग आता येतो. मी पर्यटकाला सोडतीत उभा करतो आहे, मच्छीमाराला पाळी लावायला सांगतो आहे, आणि ज्यांना ना सोडत ना पाळी त्यांचं काय? ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि शहर उभारायचा जो प्रकल्प आहे, त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल द्यायचं ठरलं आहे, आणि तिथल्या २०,६६८ प्रवाळ वसाहतींपैकी १६,१५० उचलून दुसरीकडे लावायच्या असं त्याच्या पर्यावरणविषयक कागदांत आहे. सोळा हजार! वांडूरला काकूंच्या चकलीची पिशवी पकडणारं सरकार आणि हे सरकार एकच.

आपल्या दाराशीही हे झालं. कोस्टल रोडचं काम चाललं असताना २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या १८ प्रवाळ वसाहती परवानगी घेऊन हलवल्या गेल्या. पुष्कळांना त्या बातमीनेच पहिल्यांदा कळलं की मुंबईत प्रवाळ आहे. मलाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात एका अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला मी त्या बाजूच्या खडकांवर गेलो. शेवाळाने बुळबुळीत झालेला दगड, वडापावचे कागद, निर्माल्याची पिशवी, एक तुटकी चप्पल. सोबतच्या मुलीने, जी या किनाऱ्यावर नेहमी फिरते, डबक्यात बोट दाखवलं. हात लावला नाही, नुसतं दाखवलं. जुन्या रुपयाएवढा, करडा-हिरवट, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेला एक ठिपका. "हाच," ती म्हणाली. मी उकिडवा बसलो आणि दहा मिनिटं बघत राहिलो. मागे डंपर रिव्हर्स घेत होते, त्यांचा तो टीं-टीं आवाज. मग पाणी चढायला लागलं आणि आम्हाला उठावं लागलं.

एवढा मोठा अन्याय वर चालू असताना खाली पर्यटकाची संख्या बांधायची गोष्ट करणं म्हणजे छत गळत असताना उंबरठा पुसणं, असं एक मित्र म्हणाला. म्हणू दे. ज्याने कधीतरी आपला नंबर यायची वाट पाहिली आहे, तोच उद्या विचारेल की त्या सोळा हजारांचा नंबर कुणी लावला होता. पाहिजे तेव्हा पाहिजे तिथे जाणाऱ्याला तो प्रश्न सुचणार नाही.

हिंचिनब्रुकचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आम्ही सप्टेंबरची ती एक जागा घेतली नाही. मे महिन्यात एका रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. कुणीतरी बुकिंग रद्द केलं होतं, ऑगस्टातल्या तिसऱ्या आठवड्यात तीन जागा रिकाम्या दिसत होत्या. "मामा, पटकन सांगा, घेऊ का?" माझा व्हिसा अजून आला नव्हता, आणि हिच्या गुडघ्याचा एमआरआय त्याच आठवड्यात झाला होता. मी हिच्याकडे बघितलं, हिने माझ्याकडे. "दोन मिनिटं दे," मी म्हणालो. बहुधा चार झाली असतील. त्याने पुन्हा फोन केला तोवर त्या तीन जागांवरचा चौकोन राखाडी झाला होता.